संडासातल्या कॅलेंडरावरची आफ्के

“एक बिस्कीट म्हणजे एक बिस्कीट, होकेमा! मी नळवाल्याला बोलावलंय, वऱ्हाडाला नाही.”

“वऱ्हाड कुठलं, बाई? पोर आहे. अजून सात वर्षांचीही नाही.”

“तिच्या बुटांनी माझा जिना ओला झालाय.”

“बूट तिनं दाराबाहेर काढलेत. ते पाणी तुमच्या पाइपाचं आहे.”

हे भांडण आफ्केनं ऐकलं ते त्याच जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून, पायांत दोन जोड मोजे घालून. पुढं साठ वर्षं ती ते शब्द न शब्द सांगायची, नोटरीणबाईंच्या आवाजासकट.

साल त्रेसष्ट, महिना जानेवारी. फ्रीसलंड प्रांतातलं आमचं बोल्सवर्ड गाव त्या हिवाळ्यात असं गोठलं होतं की कालव्यावरून माणसं मोटारी नेत होती आणि घरोघर पाइप फुटत होते. गावात नळवाला एकच, सिब्रन होकेमा. बायको दोन वर्षांमागं न्यूमोनियानं गेलेली, घरात तो आणि पोर आफ्के, तिसरं माणूस नाही. शाळेचाच पाइप फुटला म्हणून शाळाही बंद. मग बर्फावरच्या ढकलगाडीवर हत्यारांची पेटी, पेटीवर आफ्के, असं ते दोघं सकाळी निघायचे. तिला त्यानं तीन गोष्टी शिकवल्या होत्या. लोकांच्या घरात तिसऱ्या पायरीवर बसायचं, म्हणजे कुणाच्या पायात येत नाही. कशाला हात लावायचा नाही. आणि काम झालं तरी फ्लशची टाकी भरून आवाज थांबेपर्यंत उठायचं नाही. “अर्ध्यात उठतो तो नळवाला नव्हे, तो पाहुणा,” असं तो म्हणायचा.

नोटरीणबाई म्हणजे कैलासवासी नोटरी ब्लॉमहोफ यांच्या पत्नी. नवरा गेला, पण हुद्दा बाईंनी ठेवून घेतला. चर्चच्या महिला मंडळाच्या त्या अध्यक्षा. गावात कुणी आजारी पडलं की त्यांचं सूप आधी पोचायचं, आणि सूप खाऊन माणूस बरं झालं नाही तर दोष माणसाचा. दहाच्या ठोक्याला कामकऱ्याला कॉफी द्यायची, बरोबर डब्यातलं एक बिस्कीट, आणि डब्याचं झाकण टप्पदिशी लावायचं, हा तर गावाचाच रिवाज. पण नोटरीणबाईंच्या झाकणाचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा.

“आणि पोर कामावर आणायची ही कुठली पद्धत?” बाई थांबत नव्हत्या. “खाटीक आणतो का पोर? पोस्टमन आणतो का?”

“खाटीक तुमच्या दारात दोन मिनिटं उभा राहतो, बाई. मी सकाळपासून तुमच्या संडासात डोकं घालून बसलोय. तोवर तिला कुठं ठेवू? खुंटीला टांगू?”

“तिकडे देशाच्या दुसऱ्या टोकाला, झेलंडला, मावशी आहे ना तिची! मंडळानं सगळा विचार केलाय. अकरा मार्चला सात पूर्ण होतील, बारा तारखेला मावशी न्यायला येईल. पत्रसुद्धा गेलंय.”

“पोर माझी आहे, बाई.”

“तुमची आहे, कबूल. आमची कोण लागते ती? गावातल्या कुठल्या घरात तिचं नाव आहे, सांगा बरं?” बाईंनी आवाज खाली आणला, म्हणजे आता त्या खरं बोलणार होत्या. “हे बघा होकेमा, बर्फ आहे तोवर गावाला तुमची गरज आहे. बर्फ वितळला की शेजारच्या स्नेकलाही नळवाले आहेत. घरात पोरं न आणणारे.”

कायद्यानं मंडळाला सिब्रनच्या पोरीला बोट लावता येत नव्हतं. पण गावातलं प्रत्येक दार मंडळाच्या बायका आतून उघडायच्या, आणि दारं बंद झाली की बापलेक खाणार काय? गरज सरो नि वैद्य मरो, हे गावाच्या वेशीवर लिहून ठेवायला हरकत नव्हती. त्यानं ते एक बिस्कीट मोडलं, मोठा तुकडा जिन्यावर दिला, धाकटा कॉफीत बुडवला आणि पुन्हा संडासात गेला.

आफ्केला झेलंड कुठं आहे ते ठाऊक नव्हतं. मावशी एकदा आली होती, तिला मिशा होत्या, एवढं ठाऊक होतं. पण बाईंचा तो प्रश्न मात्र तिला गणितासारखा नीट समजला. कुठल्या घरात तिचं नाव आहे? कुठंच नव्हतं. आणि घरात नावं कुठं असतात, हे गावात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, कारण इतके संडास पाहिलेली सहा वर्षांची पोर दुसरी कोण असणार!

आमच्याकडे वाढदिवसांचं कॅलेंडर संडासातच टांगतात. बसलं की समोर. त्यावर वार नसतो, साल नसतं, नुसत्या महिना-तारखा, म्हणजे ते कधी जुनं होत नाही आणि नवं विकत घ्यावं लागत नाही. आमच्या लोकांना ते का आवडतं, ते यावरून समजून घ्या. त्यावर नाव असलं की त्या माणसाला विसरायचं नाही. कार्ड पाठवायचं, नाहीतर न बोलावता जायचं आणि गोल मांडलेल्या खुर्च्यांत बसून केकचा एक तुकडा खायचा. भावाशी वीस वर्षं अबोला असला तरी भिंतीवर नाव आहे ना, मग जायचं, आणि तिथं जाऊन अबोला धरायचा.

बापाला दिवा दाखवायला आफ्के संडासाच्या दारात उभी राहिली.

“बाबा, ही कुणाची नावं?”

“घरच्यांची,” टाकीमागून आवाज आला. “विसरायची नाहीत अशी माणसं.”

“यांना झेलंडला पाठवतात?”

“यांना कशाला पाठवतील? पाना दे.”

तिनं पाना दिला. मग त्याच्या कोटाच्या खिशातली जांभळी पेन्सिल काढली. ती जिभेनं ओली केली की शाईसारखी उठते आणि मग देवाच्या बापाला खोडता येत नाही. तिनं मार्चचं पान वर केलं, अकरा आकडा शोधला आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: आफ्के. चार तारखेला खुद्द कैलासवासी नोटरींचं नाव होतं, शेजारी सुबक क्रूस काढलेला. नाव असंच संपवायची रीत असेल असं वाटून तिनं आपल्या नावापुढंही एक क्रूस काढला. नोटरींच्यापेक्षा जरा मोठाच.

क्रूस मेलेल्या माणसांपुढं काढतात, हे तिला कोण सांगणार? बाकीच्या घरांतल्या मार्चच्या पानांवर तिनं नुसतं नाव लिहिलं, कारण क्रूस काढायला वेळ लागतो आणि सिब्रनचा हात चलाख होता.

फेब्रुवारी संपेपर्यंत बापलेकींनी त्रेपन्न घरं केली. सिब्रननं त्रेपन्न ठिकाणी डाख दिला, आणि पोरीनं त्रेपन्न ठिकाणी आपला. सिब्रनला एकच घोर लागला होता, की पोरीची जीभ जांभळी का होते. त्यानं तिला रोज चमचाभर माशाचं तेल पाजलं. ती तोंड वेडंवाकडं करून प्यायची, पण बोलली नाही.

मार्चची पहिली उजाडली आणि गावानं पान उलटलं.

आता गावातल्या आफ्के मोजा. एक मिठाच्या पुलाजवळची, वय अठ्ठ्याऐंशी, तिचा वाढदिवस नाताळात. दुसरी दुधवाल्याची गाय. तिसरी होकेमाची पोर. बेकरीवाला डाउवे पहाटे पाचला बसला, नाव पाहिलं आणि बायकोवर ओरडला, “होकेमाच्या पोरीचं लिहून ठेवलंस, बरं केलंस, पण अक्षर काय हे!” बायकोला वाटलं त्यानंच लिहिलं असणार, अक्षर म्हणूनच तसं. त्रेपन्न घरांत हेच. कुणी कुणाला विचारलं नाही. आपल्याच संडासातलं माणूस आपल्याला ओळखू येत नाही, हे कोण कबूल करणार? पाद्रीबाबांच्या घरीसुद्धा नाही, आणि ते तर रोज कबुलीजबाबावर प्रवचन देणारे.

याच बायका महिनाभर म्हणत होत्या की नळवाल्याची पोर म्हणजे डोक्याला ताप, जिन्यात बसते, टकामका बघते. त्याच आता म्हणू लागल्या, “आईविना पोर! आमच्या कॅलेंडरवर पहिल्यापासून आहे ती.” पहिल्यापासून! पोरीत कणभर फरक पडला नव्हता. भिंतीवरच्या कागदात पडला होता.

अकरा मार्च सोमवारी आला, म्हणजे धुण्याचा दिवस. सिब्रननं सकाळीच पोरीचे तीन फ्रॉक, मोजे आणि आईच्या शालीचा तुकडा पत्र्याच्या पेटीत भरला होता. मावशी दुसऱ्या दिवशी येणार होती. आफ्के पेटीकडे बघत होती. एवढी त्रेपन्न घरं लिहून काढली, तरी पेटी भरतेच आहे, हे तिला कळेना.

दुपारी चारला दार वाजलं. डाउवे, हातात गुलाबी साखरेचा केक.

“होकेमा, मुलीबद्दल अभिनंदन!”

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी सांगायला कशाला हवं? भिंतीवर आहे आमच्या.”

मागोमाग त्याची बायको. मग खाटीक. मग दुधवाला, पाद्रीबाबांच्या पत्नी, हात अजून साबणानं सुरकुतलेल्या सोळा बायका. शेजारच्या तीन घरांतून खुर्च्या आल्या. गोल भिंतीपासून सुरू झाला तो स्वयंपाकघरातून फिरून जिन्याखाली मिळाला. प्रत्येकानं प्रत्येकाचं अभिनंदन केलं, कारण तसंच करतात, खाटकानं दुधवाल्याचं, दुधवाल्यानं पाद्रीणबाईंचं. सिब्रन कॉफीची किटली घेऊन मधोमध उभा, चोर पकडल्यासारखा. “आमच्याही संडासात आहे,” “आमच्याही,” असं चौथ्या माणसानं म्हटल्यावर त्याचा हात आपोआप कोटाच्या खिशात गेला. पेन्सिल करंगळीच्या नखाएवढी उरली होती. त्यानं पोरीकडे पाहिलं. तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं, जीभ दिसू नये म्हणून.

आणि त्याच दुपारी नोटरीणबाई हार्लेमच्या बहिणीकडून परत आल्या. बर्फ वितळेपर्यंत तिथं पंधरा दिवस ऊब फुकट होती. घरात पाऊल टाकलं, आगगाडीचा लांबचा प्रवास, तेव्हा आधी कुठं गेल्या ते सांगायला नको. बसल्या. मार्चचं पान उघडलं. अकरा तारीख. आफ्के. क्रूस.

बाई पांढऱ्या पडल्या. पोर गेली! आपण नसताना गेली, आणि मोलकरणीनं इमानानं नोंद करून ठेवली. मोलकरीण सोमवारी सुट्टीवर, विचारायचं कुणाला? दुःख झालं का? झालं असेल. पण मोठा घाव दुसरीकडेच होता. दफन झालं, त्यानंतरची कॉफी झाली, आणि मंडळाची अध्यक्षाच तिथं नव्हती! गाव काय म्हणेल? बाईंनी नोटरींच्या वेळचा काळा झगा चढवला, काळी जाळी तोंडावर ओढली, आणि चिखल तुडवत होकेमाचं घर गाठलं.

दार उघडंच होतं. आत गोल मांडलेल्या खुर्च्या, कॉफी, केक. मातीनंतरची बैठकही आमच्याकडे अशीच दिसते, उगाच खोटं कशाला बोला. बाईंनी मान खाली घातली आणि डावीकडून हात मिळवायला सुरुवात केली.

“फार वाईट झालं.”

“अं?” डाउवे म्हणाला.

“फार वाईट झालं. देवाची इच्छा. फार वाईट झालं.” खाटीक, दुधवाला, पाद्रीणबाई. एकेक माणूस हात देत गेला, कारण पुढं आलेला हात परत पाठवायचा नसतो. सिब्रनचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. “होकेमा, मी तुम्हाला नको ते बोलले. बिस्किटावरून बोलले. मला रात्री झोप यायची नाही.” आणि डोळे पुसत त्यांनी गोलातला शेवटचा हात धरला. तो लहान होता आणि चिकट होता.

“फार वाईट झालं, बाळ.”

“आभारी आहे,” आफ्के म्हणाली. तिच्या ओठांवर गुलाबी साखर होती.

नोटरीणबाई किंचाळल्या की हसल्या, यावर गावात अजून दोन तट आहेत. खाली बसल्या एवढं खरं, तेही खाटकाच्या मांडीवर. पाणी आलं, मग कॉफी आली. सिब्रननं त्यांच्या बशीत केकचा एक तुकडा ठेवला, आणि केकच्या खोक्याचं झाकण टप्पदिशी लावलं. त्या आवाजानं बाई शुद्धीवर आल्या.

“बाई,” डाउवेची बायको म्हणाली, “उद्या मावशी यायचीय ना हिची?”

बाईंनी गोलावरून नजर फिरवली. सगळं गाव बसलं होतं, आणि सगळं गाव त्यांच्या काळ्या झग्याकडे बघत होतं. आता पोरीला झेलंडला धाडलं असतं, तर ही कहाणी जन्मभर त्यांच्या मागं लागली असती: आधी मारली, मग हाकलली.

“काय गरज आहे?” बाई म्हणाल्या. “नाव माझ्या भिंतीवर आहे तिचं. झेलंडला दर वर्षी कार्ड धाडायचं म्हणजे वर तिकिटाचा खर्च. इथं हातानं देता येईल.”

त्यावर पाद्रीणबाईंनी मान डोलावली, आणि ठराव मंजूर झाला. सिब्रननं पेटी उघडून फ्रॉक पुन्हा खुंटीला लावले, सगळ्यांदेखत, एकेक करून. आफ्केला तुला काय हवं असं कुणी विचारलं नाही. मावशी आली ती स्टेशनवरच नोटरीणबाईंच्या तावडीत सापडली, एक कॉफी आणि एक बिस्कीट खाऊन दुपारच्या गाडीनं परत गेली. आमचं गाव दयाळू आहे असं कुणी म्हणू नये. आमच्या गावाची कॅलेंडरं दयाळू आहेत.

जांभळा क्रूस काही खोडला गेला नाही. मग बाईंनी त्यातूनही काटकसर काढली. नोटरींच्या वेळची काळ्या किनारीची पाकिटं गठ्ठ्यानं उरली होती. दर अकरा मार्चला त्या पाकिटातून आफ्केला वाढदिवसाचं कार्ड यायचं, एकोणीस वर्षं, बाई स्वतः क्रुसाच्या मानकरी होईपर्यंत.

आफ्के मोठी झाली आणि नळवालीच झाली. बापाची कंबर गेली तेव्हा तिनं पेटी उचलली. सुरुवातीला दार उघडणारा विचारायचा, “नळवाला कुठाय?” ती म्हणायची, “तुमच्या पुढ्यात. पाय पुसू की तसाच येऊ?” पोस्टमनशी लग्न केलं, रेमर नावाचा मुलगा झाला, आणि तोही पेटीबरोबर गावभर फिरला, तिसऱ्या पायरीवर बसून. घरं बदलली, तक्रार नाही बदलली. एक मास्तरीणबाई म्हणाल्या, पोराच्या मनावर परिणाम होईल. आफ्के म्हणाली, “झालाय की. त्याला फ्लश दुरुस्त करता येतो. तुमच्याला ओढता तरी येतो का?” पेन्सिल मात्र तिनं कायम वरच्या खिशात ठेवली, बटण लावून.

सदुसष्टाव्या वर्षी गुडघ्यांनी संप पुकारला. वसंतातल्या एका शुक्रवारी शेवटचं काम लागलं, आणि ते नोटरीणबाईंच्याच घरी. आता तिथं अॅमस्टरडॅमहून आलेलं एक जोडपं राहतं. नात मारित, पाच वर्षांची, बरोबर होती, कारण शाळेत पोरं सोडून शिक्षकांचंच शिबिर होतं.

दाढीवाल्या तरुणानं दार उघडलं. “मुलीला कामावर आणता? तुमच्या विम्यात बसतं का हे?”

“विम्याचं माहीत नाही. तिसऱ्या पायरीवर बसतं.”

मारित बसली. आफ्के संडासात गेली आणि थबकली. भिंतीवर काचेच्या चौकटीत जुनं कॅलेंडर लावलं होतं, मार्चच्या पानावर उघडलेलं.

“माळ्यावर मिळालं आम्हाला,” तरुण मागून म्हणाला. त्याचा आवाज चर्चमध्ये येतो तसा झाला. “हे बघा, अकरा तारीख. आफ्के. लहान मुलाचं अक्षर आहे, भावंडानं लिहिलं असेल. आणि पुढं क्रूस. आम्ही पाहुण्यांना दाखवतो. माझी बायको तर रडली होती. तुम्ही इथल्याच ना? कोण होती हो ती?”

आफ्केनं टाकीचं झाकण काढून भिंतीला टेकवलं. “नळवाल्याची पोर होती.”

“कशानं गेली?”

“कुणी म्हणतं बिस्किटावरून.”

तरुणानं छातीवर हात ठेवला.

“आज्जी,” जिन्यावरून मारित म्हणाली, “पण तुझंच तर—”

“मारित, पाना दे.”

वॉशर झिजला होता, तो बदलला. दहा वाजता कॉफी आली, यंत्रातली, वर फेस. बिस्कीट ओटाचं, काचेच्या बरणीतलं, एक. झाकण लागलं, टप्प. आफ्केनं बिस्कीट मोडलं, मोठा तुकडा जिन्यावर दिला, धाकटा फेसात बुडवला. मग फडक्यानं फरशी पुसली, फ्लश ओढला, आणि कमोडचं झाकण पाडून त्यावर बसून राहिली.

“झालं ना?” तरुणानं दारातून विचारलं. “निघताय?”

“टाकी भरू दे.”

पाणी वर चढत गेलं तसा आवाज बारीक झाला, आणखी बारीक झाला, आणि थांबला. तेव्हा ती उठली.